कवटीवरून चेहरा : गेरासिमोव्ह यांचे यश आणि मर्यादा

अनोळखी सांगाडा हाती आला, तर मृत कोण हे ठरेपर्यंत पोलिसांचा तपास जागचा हलत नाही. अशा वेळी कवटीवरून चेहरा घडविण्याची जी रीत आज जगभर वापरली जाते, तिला पद्धतशीर रूप देणाऱ्यांमध्ये सोव्हिएत मानववंशशास्त्रज्ञ मिखाईल गेरासिमोव्ह यांचे नाव अग्रभागी आहे. आरंभ त्यांचा नव्हे. लाइपझिगचे शारीरविद् विल्हेल्म हिस यांनी १८९५ मध्येच संगीतकार बाख यांच्या कवटीवर असा प्रयोग केला होता.

गेरासिमोव्ह १९०७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मले व सैबेरियातील इर्कुत्स्कमध्ये वाढले. वडील डॉक्टर असल्याने शारीरशास्त्राची ओळख लहानपणीच झाली. पुढे पुरातत्त्वाकडे वळून १९२८ पासून त्यांनी माल्टा येथील अश्मयुगीन वस्तीचे उत्खनन केले. ह्या दोन विद्यांच्या संगमातून त्यांची पद्धत निघाली. कवटीच्या ठराविक बिंदूंवर मांसाचा थर किती जाड असतो, याची मापे त्यांनी प्रेतांवर घेतली. जबड्यावरील खडबडीत उंचवटे तेथे जोडलेल्या स्नायूंचे बळ सांगतात. नासास्थीवरून नाकाच्या टोकाची दिशा कळते. ह्या आधारे कवटीवर एकेक थर चढत जाई. ओठ, कान आणि केस यांविषयी हाड फारसे बोलत नाही. तेथे शिल्पकाराचा अंदाजच कामी येतो.

पद्धतीची कसोटी लागली ती नाव लपविलेल्या कवट्यांवर. कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की यांच्या मातेची कवटी ओळख न सांगता त्यांच्याकडे देण्यात आली आणि घडविलेला चेहरा तिच्या तरुणपणीच्या चित्राशी जुळला. लेनिनग्राडजवळच्या जंगलात मिळालेल्या हाडांवरून त्यांनी एका मुलाचे डोके घडविले. त्याची छायाचित्रे इतर मुलांच्या छायाचित्रांत मिसळून दाखविली, तेव्हा बापाने आपला मुलगा ओळखला.

कीर्ती मात्र मिळाली ती राजांच्या चेहऱ्यांमुळे. जून १९४१ मध्ये समरकंदला तैमूरलंगाची कबर उघडण्यात आली. १३९८ मध्ये दिल्लीत कत्तल घडविणारा हा विजेता खरोखरच लंगडा होता, हे उजव्या पायाच्या हाडांनी सिद्ध केले. त्याच महिन्यात जर्मनीने रशियावर चढाई केली आणि कबरीच्या शापाची कथा पसरली. (चढाईचा आदेश हिटलरने डिसेंबर १९४० मध्येच काढला होता, हे कथा सांगणारे विसरतात.) १९६३ मध्ये उघडलेल्या कबरीतील इव्हान द टेरिबलचा चेहराही त्यांनीच घडविला. परंतु ह्या दोन्ही कामांत कवटी कोणाची, हे आधीच ठाऊक होते. नाव माहीत असलेला चेहरा कितीही प्रभावी वाटला, तरी तो पुरावा म्हणून वजनदार ठरत नाही. तैमूरची ओळख पटविली ती त्याच्या पायाने.

हा भेद वायमारमध्ये महागात पडला. कवी शिलर यांच्या म्हणून दोन कवट्या तेथे होत्या; एक १८२६ साली मिळालेली, दुसरी १९११ सालची. १९६१ मध्ये गेरासिमोव्ह यांनी पहिली खरी ठरविली. ते १९७० मध्ये निवर्तले. २००८ मध्ये शिलर यांच्या नातलगांच्या अवशेषांशी डीएनए ताडून पाहिला असता, दोन्हींपैकी एकही कवटी शिलर यांची नसल्याचे निष्पन्न झाले. वायमारच्या राजघराण्याच्या दफनगृहातील त्यांची शवपेटी त्यानंतर रिकामी ठेवण्यात आली.