मिठाचा सत्याग्रही आणि रक्तदाबाशी झुंज

डिसेंबर 1936 मध्ये खानदेशातील फैजपूर या गावी राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्षपदी पंडित नेहरू होते. बांबू-चटयांच्या नगराला नंदलाल बोस यांच्या कलादृष्टीचा स्पर्श झाला होता. मात्र या सोहळ्यामागची कल्पना महात्मा गांधींची होती. सदुसष्ट वर्षांचे गांधीजी तेथे उत्साहाने वावरत होते, पण त्याच वर्षाच्या प्रारंभी उच्च रक्तदाबाने त्यांना अंथरुणाला खिळवले होते, हे फार थोड्यांच्या ध्यानात असेल. ज्या मिठासाठी त्यांनी साम्राज्याला आव्हान दिले, त्या मिठाशी त्यांच्या स्वतःच्या शरीराचे नातेही तितकेच गुंतागुंतीचे होते.

हे नाते सुरू होते दक्षिण आफ्रिकेत. तेथे आजारी कस्तुरबांना गांधीजींनी मीठ आणि डाळी सोडण्याचा सल्ला दिला. हे तुम्हाला तरी जमेल काय, अशा अर्थाचे उत्तर मिळताच त्यांनी स्वतःच वर्षभरासाठी दोन्ही सोडल्याचे जाहीर केले. कस्तुरबा रडल्या, विनवू लागल्या. पण गांधीजी बधले नाहीत. पुढे दीर्घकाळ त्यांनी अळणी अन्न घेतले. या पथ्याच्या वैद्यकीय मूल्याविषयी दुमत असू शकते, हे त्यांना मान्य होते. त्यांच्या लेखी तो संयमाचा धडा होता.

मीठ कमी मिळाल्यावरही शरीर कसे चालते? याचे उत्तर मूत्रपिंडांत आहे. निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यात विरघळलेल्या सोडियमचे मिठात रूपांतर केले, तर ते जवळजवळ दीड किलो भरेल. यातील 99 टक्क्यांहून अधिक सोडियम परत रक्तात शोषले जाते, उरलेले अल्पसे लघवीवाटे जाते. आहारात मीठ कमी झाले की रेनिन आणि अल्डोस्टेरॉन ही साखळी जागी होते आणि मूत्रपिंडे हात आखडतात. मीठ वाढले की ही साखळी मंदावते आणि जादा सोडियम बाहेर पडते. म्हणूनच अळणी अन्नावरही निरोगी माणूस तग धरतो. मात्र घामावाटे जाणारे मीठ भरून काढावेच लागते. उन्हाळ्यात कपाशीच्या रानात राबणाऱ्या खानदेशी मजुराला मीठ ही चैन नसून गरज आहे. गरिबाच्या या गरजेवर सरकारने कर बसवावा, हेच गांधीजींना सहन होत नव्हते.

12 मार्च 1930 रोजी 78 सहकाऱ्यांसह ते साबरमतीहून निघाले आणि 6 एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मीठ उचलले. त्या लाटेत अमळनेरची शिक्षकी सोडून साने गुरुजी सत्याग्रहात उतरले आणि धुळ्याच्या तुरुंगात गेले. स्वतः अनेक वर्षे मीठ न खाणाऱ्या माणसाने इतरांच्या मिठासाठी देश उभा केला.

परंतु शरीर आपला हिशेब मांडतच होते. 1927 च्या मार्चमध्ये महाराष्ट्राच्या दौऱ्यात कोल्हापुरी गांधीजी कोसळले. वाढलेला रक्तदाब आणि अतिश्रम हे कारण ठरले आणि नंदी पर्वतावर सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. पुढे प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार त्यांचा रक्तदाब 1937 च्या ऑक्टोबरमध्ये 194/130, तर 1940 च्या फेब्रुवारीत 220/110 होता. वजन मात्र जेमतेम 47 किलो. रक्तदाब हा केवळ स्थूल माणसाचा विकार आहे, ही समजूत एवढ्यावरच मोडून पडावी.

दाब वाढला की निरोगी मूत्रपिंडे अधिक सोडियम बाहेर टाकून तो खाली आणतात. उच्च रक्तदाबात हा समतोलच वरच्या पातळीवर सरकलेला असतो. तितकेच सोडियम बाहेर काढण्यासाठी शरीराला अधिक दाब लागतो. दीर्घकाळचा दाब मूत्रपिंडांना इजा करतो आणि इजा झालेली मूत्रपिंडे दाब आणखी वाढवतात. असे हे दुष्टचक्र आहे.

या पार्श्वभूमीवर गांधीजींची उपोषणे पाहिली म्हणजे डॉक्टरांच्या जिवाची घालमेल कळते. उपवासात पहिल्या काही दिवसांत सोडियम झपाट्याने बाहेर जाते, मग मूत्रपिंडे ते जपून ठेवू लागतात. 10 फेब्रुवारी 1943 पासून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांनी 21 दिवसांचे उपोषण केले. मध्यावर नाडी जवळजवळ लागेनाशी झाली, तेव्हा पाण्यात मोसंबीचा रस घेण्यास ते राजी झाले आणि संकट टळले. जानेवारी 1948 मध्ये दिल्लीतील अखेरच्या उपोषणात तर मूत्रपिंडांचे काम मंदावले. प्यायलेले पाणी पुरेसे बाहेर पडेना आणि वजन उतरणे थांबले. वयाने थकलेली मूत्रपिंडे आणि अन्नाअभावी क्षारांचा तुटवडा अशा वेळी जादा पाणी बाहेर टाकणे शरीराला जड जाते. 18 जानेवारीला उपोषण सुटले आणि बारा दिवसांनी त्यांची हत्या झाली.

त्या काळी रक्तदाबावर विश्रांती आणि पथ्याखेरीज फारसे काही हाती नव्हते. सर्पगंधेवरील मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांचा गाजलेला निबंध 1949 मध्ये प्रसिद्ध झाला. मूत्रपिंडांकडून सोडियम बाहेर काढवणारी थायझाइड गटातील औषधे 1950 च्या दशकाच्या अखेरीस आली. ही औषधे गांधीजींच्या हयातीत आली नाहीत.

आज औषधे आहेत, पण ताटातले मीठही वाढले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मिठाची मर्यादा सांगितली आहे. शेव, पापड, लोणची आणि ठेचा यांत रमणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या घरांत ती सहज ओलांडली जाते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र कमी सोडियमचे मीठही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण त्यातील पोटॅशियम घातक ठरू शकते. मीठ माणसाच्या हक्काचे आहे, हे गांधीजींनी देशाला पटवून दिले. ते किती खावे, हा संयम मात्र ज्याचा त्यानेच शिकायचा आहे.