फॅनी लू हेमर आणि 40 एकर जमीन

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात 1917 साली बटाईने कापूस पिकवणाऱ्या एका कृष्णवर्णीय कुटुंबात फॅनी लू हेमर यांचा जन्म झाला. वीस भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. सहाव्या वर्षापासून कापूस वेचणे नशिबी आले. 1962 साली त्या मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या; त्याच दिवशी मळेमालकाने त्यांना हुसकावले. शेजारच्या लेफ्लोर परगण्यात तर मतदार नोंदणीचा सूड म्हणून गरिबांचे सरकारी धान्यच बंद करण्यात आले. जमीन ज्याची, त्याच्याच मुठीत भाकरी आणि मतही, हे हेमरबाईंनी पुरते ओळखले.

1969 साली त्यांनी सनफ्लॉवर परगण्यात 40 एकर जमीन घेऊन 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती उभारली. वर्गणी महिना एक डॉलर. तीही बहुतेकांना झेपत नसे, म्हणून कोणाला उपाशी मात्र ठेवले नाही. रताळी, भेंडी, घेवडा घरोघर जाई. कापूस व सोयाबीन विकून जमिनीचे हप्ते भरले जात. डुकरांची तर त्यांनी चक्क बँक काढली! तिथली पिले गरीब कुटुंबांना पाळायला मिळत. एवढी व्यवहारी कल्पना पुढाऱ्यांना सहसा सुचत नाही. पुढे जमीन वाढली. पण पूर, अवर्षण आणि कर्ज यांपुढे फार्म टिकला नाही. 14 मार्च 1977 रोजी हेमरबाई गेल्या, तेव्हा ती जमीन हातची गेलेली होती.