वाटाण्याएवढं जस्त

शाळेत असताना हम्फ्री डेव्ही म्हणजे खाणकामगारांचा सुरक्षा दिवा, एवढंच एका मार्काचं उत्तर मला पाठ होतं. इंजिनिअरिंगला आल्यावर तर तेही विसरलो. पण गेल्या उन्हाळ्यात ट्रेनिंगला गेलो आणि दोनशे वर्षांपूर्वीचा हा इंग्रज माणूस मला चक्क पाइपलाइनच्या खड्ड्यात भेटला. कसा, ते आधी सांगतो.

साईट कोकणातली. गॅसची लाइन टाकायचं काम चालू होतं. बारा-बारा मीटरचे पाइप कारखान्यातूनच कोटिंग करून येतात. आत इपॉक्सी, मध्ये चिकटवणारा थर आणि वर जाड पॉलिथिलीन. पण दोन्ही टोकांना साधारण वीतभर पोलाद उघडंच ठेवावं लागतं, नाहीतर वेल्डिंग कसं करणार? म्हणजे एका सांध्यापाशी सुमारे तीस सेंटिमीटर पाइप नागडा. शंभर किलोमीटर लाइन धरली तर आठ हजारांवर सांधे, आणि सगळे मिळून अडीच किलोमीटर उघडं पोलाद! कारखान्यातलं कोटिंग कितीही भारी असलं तरी लाइनचं आयुष्य ठरतं ते या अडीच किलोमीटरवर. आणि हे कोटिंग होतं साईटवर, उन्हात, धुळीत, दमट हवेत, माणसांच्या हातांनी.

पद्धत अशी. वेल्ड झाला, एक्स-रे पास झाला, की सांधा ब्लास्टिंग करून पांढरा स्वच्छ करायचा. मग गरम करायचा, इपॉक्सी प्रायमर लावायचा आणि त्यावर श्रिंक स्लीव्ह गुंडाळून गॅसच्या ज्योतीने आवळून घ्यायची. वर रोलर फिरवून आतली हवा काढायची. शेवटी हॉलिडे डिटेक्टर. (हॉलिडे म्हणजे सुट्टी नव्हे! कोटिंगमध्ये सुटलेली जागा. हे कळायला मला एक दिवस लागला.) कोटिंगला बारीकसं छिद्र असलं तरी तिथे ठिणगी पडते आणि यंत्र ओरडतं.

माझं काम साधं होतं. पाइप गरम केल्यावर चार ठिकाणी तापमान मोजायचं, घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी, आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. सहाची जागा म्हणजे पाइपच्या बुडाशी. तिथे पोचायला चिखलात आडवं पडावं लागायचं. पहिले चार दिवस पडलो. पाचव्या दिवशी पाऊस शिंतडून गेला होता, कपडे कालच धुतले होते... मी वरचं तापमान मोजलं आणि बाकीचे तीन आकडे अंदाजाने लिहून सही ठोकली. डिटेक्टर ओरडला नाही. मी खूश.

दुसऱ्या दिवशी नेमकी त्याच सांध्याची पील टेस्ट निघाली. स्लीव्हची बोटभर रुंद पट्टी कापून काट्याने ओढतात, चिकटली किती ते बघायला. वरच्या बाजूला पट्टी हलेना. खालच्या बाजूला मात्र केळ्याची साल निघावी तशी आख्खी हातात आली, आणि खाली चकचकीत उघडं पोलाद. वाऱ्यामुळे बूड गरमच झालं नव्हतं.

फोरमनना सगळे काका म्हणायचे. ते काहीच बोलले नाहीत. मीच शहाणपणा करून म्हणालो, की काका, लाइनला पुढे कॅथोडिक प्रोटेक्शन असतंच ना, मग एवढं काय? तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. कोटिंगला सरळ भोक पडलं तर प्रोटेक्शनचा करंट मातीतून तिथवर पोचतो आणि पोलाद वाचवतो. पण स्लीव्ह नुसतीच सुटून फुग्यासारखी राहिली, तर आत पाणी शिरतं आणि प्लास्टिकमुळे करंट मात्र आत नीट जात नाही. वरून सगळं ठीक, आतून गंज चालू. ठिणगीचं यंत्र हे दाखवत नाही. ते फक्त तापमानाचं रजिस्टर दाखवतं, आणि ते मी खोटं लिहिलं होतं.

तो सांधा आणि शेजारचे दोन, तिन्ही सोलून पुन्हा करावे लागले. अख्खी गँग माझ्यामुळे उन्हात दुप्पट राबली.

हॉस्टेलवर परत आल्यावर लायब्ररीत बसून कॅथोडिक प्रोटेक्शन मुळापासून वाचायला घेतलं. गंजण्याचा चॅप्टर मी फर्स्ट इयरला ऑप्शनला टाकला होता, त्याचीही लाज वाटत होती. आणि पहिल्याच पानावर नाव आलं हम्फ्री डेव्ही.

डेव्हीचा जन्म 17 डिसेंबर 1778 चा, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या पेन्झन्स गावातला. वडील लाकडावर नक्षी कोरायचे. पाच भावंडांत हा थोरला. तो सोळाव्या वर्षात असताना वडील वारले, आणि पुढच्याच वर्षी गावातल्या एका सर्जनकडे तो उमेदवारीला लागला. कॉलेजचं तोंड त्याने पाहिलं नाही. रसायनशास्त्र शिकला तो पुस्तकं वाचून आणि हाताला लागतील त्या भांड्यांत प्रयोग करून. विसाव्या वर्षाच्या आतच ब्रिस्टलच्या एका संस्थेत त्याला नोकरी मिळाली. वेगवेगळे वायू हुंगवून रोग बरे होतात का, हे तिथे तपासायचे. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, त्याने स्वतःवरच भरपूर वापरून पाहिला. ऑपरेशनच्या वेदना कमी करायला हा उपयोगी पडेल असं त्याने 1800 सालीच छापलं होतं. डॉक्टरांना ते पटायला चाळीसेक वर्षं लागली.

1801 साली तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला आणि तिथून त्याची गाडी सुसाट सुटली. त्याची व्याख्यानं ऐकायला तोबा गर्दी व्हायची. व्होल्टाची बॅटरी नुकतीच आलेली होती. डेव्हीने तिचा वापर पदार्थ फोडायला केला. ऑक्टोबर 1807 मध्ये त्याने वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून पोटॅशियम वेगळं काढलं. चमकणारे थेंब पाहून तो प्रयोगशाळेत अक्षरशः नाचला म्हणतात. काही दिवसांत सोडियम, आणि 1808 मध्ये कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, मॅग्नेशियम! यातलं मॅग्नेशियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इंग्लंड-फ्रान्सचं युद्ध चालू असताना फ्रान्सने त्याला विजेवरच्या कामासाठी बक्षीस दिलं. 1812 मध्ये तो सर झाला. त्याच वर्षी एका स्फोटक रसायनाने त्याच्या डोळ्याला इजा झाली, आणि बुकबाइंडिंगचं काम करणारा एक गरीब पोरगा त्याच्या संपर्कात आला. तो मायकेल फॅरडे. पोराने डेव्हीच्या व्याख्यानांच्या नोट्स सुबक बांधून त्यालाच पाठवल्या होत्या. 1813 मध्ये डेव्हीने त्याला मदतनीस म्हणून घेतलं. 1815 मध्ये आला तो शाळेतला दिवा. जाळीतून ज्योत बाहेर जात नाही हे साधं तत्त्व. पेटंट त्याने घेतलं नाही. 1820 मध्ये तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. लाकडावर नक्षी कोरणाऱ्याचा मुलगा आता शिखरावर होता.

आणि इथेच, 1823 मध्ये, ब्रिटिश नौदलाने त्याच्यापुढे गंजण्याचा प्रश्न ठेवला.

त्या काळी जहाजं लाकडी. समुद्रातले किडे लाकूड पोखरतात आणि बुडाला शेवाळ धरतं, म्हणून तळाला तांब्याचे पत्रे ठोकायचे. पण समुद्राच्या पाण्यात तांबं झिजायचं, पत्रे वारंवार बदलावे लागायचे. तांबं अशुद्ध असेल, असा संशय होता. डेव्हीने तपासलं, तर खरं कारण पाण्यात विरघळलेल्या हवेतला ऑक्सिजन. मग त्याने विजेचा विचार केला. तांबं हलकंसं धन असतं म्हणून त्यावर क्रिया होते. त्याला थोडं ऋण करून टाकलं तर? इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून सत्तरेक वर्षं होती बरं का! त्याआधी 1760 च्या दशकात तांबं ठोकलेल्या एका जहाजावर लोखंडी खिळे तांब्याच्या संगतीने खाऊन गेले होते. डेव्हीने तोच तोटा उलटा फिरवून औषध केलं. तांब्याला जस्त किंवा लोखंड जोडा. ते झिजेल, तांबं वाचेल. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा चाळीस-पन्नास चौरस इंच तांबं पूर्ण वाचवतो, असं त्याला आढळलं. जानेवारी 1824 मध्ये त्याने हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं. या कामात मदतीला फॅरडे होताच.

नौदलाने उत्साहाने प्रत्यक्ष जहाजांवर संरक्षक बसवले. त्यात सॅमरंग नावाचं एक 28 तोफांचं जहाज होतं, आपल्याच कोचीनला बांधून 1822 साली पाण्यात उतरलेलं. त्याला ओतीव लोखंडाचे तुकडे लावले. ते कॅनडातल्या नोव्हा स्कोशियापर्यंत जाऊन जानेवारी 1825 मध्ये परत आलं. तांब्याची झीज आटोक्यात! डेव्ही जिंकला असं सगळ्यांना वाटलं.

पण जसजशी आणखी जहाजं तपासली गेली, तसतसं वेगळंच चित्र दिसू लागलं. तांबं शाबूत, पण त्यावर शेवाळ आणि शिंपल्यातल्या जिवांची पुटंच्या पुटं. असं कशाने झालं? तांबं थोडं थोडं झिजून त्याचं विष पाण्यात उतरतं, म्हणूनच तर त्यावर जीव चिकटत नव्हते. झीज थांबली तसं विषही थांबलं. वर जास्त संरक्षण दिलेल्या तांब्यावर चुन्यासारखा थर जमायचा, आणि त्या जिवांना बसायला आयतं घर मिळायचं. बूड खरबरीत झालं की जहाज मंद होतं, आणि मंद युद्धनौका काय कामाची? 1825 पासूनच नौदलाने संरक्षक काढायला सुरुवात केली.

मला हे वाचताना थांबावं लागलं. डेव्हीचं शास्त्र शंभर टक्के बरोबर होतं. चूक कुठे झाली? ज्या गंजाला त्याने शत्रू मानलं, तो जहाजासाठी एक कामही करत होता, हे प्रयोगशाळेतल्या भांड्यात पुरेसं दिसलं नाही. लोखंडाचं प्रमाण कमी-जास्त करून सुवर्णमध्य काढायचा त्याने खूप प्रयत्न केला, पण तोवर वेळ गेली होती. देशभर हसं झालं. ज्या माणसाने आयुष्यभर टाळ्याच ऐकल्या, त्याला हे फार लागलं. स्वभावही तसा मानी. फॅरडेला रॉयल सोसायटीचा सभासद करायला त्याने विरोध केला होता, ही त्याच्या चरित्रातली न आवडणारी गोष्टही सांगायलाच हवी. 1826 च्या अखेरीस त्याला पक्षाघाताचा झटका आला. 1827 मध्ये अध्यक्षपद सोडलं. मग हवापालटासाठी युरोपात फिरत राहिला, मासेमारीवर एक पुस्तक लिहिलं. 29 मे 1829 रोजी जिनिव्हात तो गेला. वय फक्त 50.

त्याची कल्पना मात्र गेली नाही. पुढे फॅरडेने विजेने होणाऱ्या रासायनिक क्रियांचे नियम मांडले. जहाजं लोखंडी झाली, आणि त्यांना जस्ताचे ठोकळे लागले. 1928 मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सला रॉबर्ट कुन याने गॅसच्या पाइपलाइनला हेच तत्त्व लावलं आणि जमिनीतलं पोलाद किती व्होल्टला सुरक्षित राहतं तेही मोजलं. तो उणे 0.85 व्होल्टचा आकडा आपल्या साईटवर रोज ऐकू यायचा. काम चालू असताना लाइनला तात्पुरते जे अॅनोड पुरतात, ते पुष्कळदा मॅग्नेशियमचे असतात. म्हणजे धातू पहिल्यांदा वेगळा काढला डेव्हीने, तत्त्वही डेव्हीचंच!

आणि जास्त संरक्षण म्हणजे चांगलं संरक्षण नव्हे, हा जहाजाचा धडाही तसाच लागू आहे. करंट फार वाढवला तर पोलादावर अल्कली आणि हायड्रोजन तयार होतो आणि कोटिंगच सुटायला लागतं. म्हणून कोटिंग आणि करंट दोघांनी मिळून काम करायचं असतं. एकाच्या भरवशावर दुसऱ्याने झोपायचं नाही. मी झोपलो होतो.

डेव्हीची चूक आणि माझी चूक मी एका पंगतीत बसवत नाही. त्याची चूक पुढचं कुणालाच न दिसल्याची, माझी तर सरळ आळसाची. पण दोन्ही उघड्या पडल्या त्या एकाच ठिकाणी, साईटवर. जहाजाचं बूड आणि पाइपचं बूड, दोन्हीकडे खाली वाकून बघितल्यावरच खरं काय ते कळलं.

ट्रेनिंगचे उरलेले दिवस मी रोज चिखलात आडवा पडलो. शेवटच्या दिवशी काकांनी रजिस्टर चाळलं, सहाच्या जागेचे आकडे पाहिले, मग माझ्या चिखलाने भरलेल्या शर्टाकडे पाहिलं आणि चहा मागवला. सर्टिफिकेट नंतर पोस्टाने आलं. पण मला विचाराल तर माझं ट्रेनिंग त्या चहालाच पूर्ण झालं.

असो. ज्युनिअर मित्रांनो, गंजण्याचा चॅप्टर ऑप्शनला टाकू नका!