ऑडिओग्रामवरचा ‘बी’: कर्णबधिर मुलांचे शिक्षक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल

भिवापूरहून उमरेडमार्गे नागपूरला जाऊन मुलाच्या कानाची तपासणी करून आलात, की हातात आलेखाचा एक कागद मिळतो. याला ऑडिओग्राम म्हणतात. त्यावर उभ्या-आडव्या रेघा असतात. उजव्या कानासाठी लाल गोल आणि डाव्यासाठी निळ्या फुल्या असतात. बाजूला ‘डीबी’ असे लिहिलेले असते. डॉक्टर सांगतात की उजवा कान ५५ डीबी, डावा ६०. बहुतेक आईवडील मान हलवतात आणि कागद घडी करून पिशवीत ठेवतात.

यातला ‘डी’ म्हणजे डेसी, दहावा भाग. ‘बी’ मात्र एका माणसाच्या आडनावाचे पहिले अक्षर आहे. म्हणूनच इंग्रजीत तो नेहमी मोठ्या अक्षरात लिहितात. हा माणूस म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख टेलिफोनचे संशोधक एवढीच असते. त्यांचा पेशा विचारला तर ते स्वतःला कर्णबधिरांचा शिक्षक म्हणवत. शाळेतल्या मुलांचे कान यंत्राने मोजण्याची सुरुवात करणाऱ्यांत ते होते. त्यांनी एक मोठी चूकही केली. त्यांचे बरोबर काय होते आणि चुकले काय, हे दोन्ही आजच्या पालकांना उपयोगी आहे.

कमी ऐकणारी आई

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिनबरा शहरात झाला. आजोबा आणि वडील दोघेही उच्चारशास्त्राचे शिक्षक होते. आई एलायझा यांना फार कमी ऐकू येत असे, तरीही त्या पियानो उत्तम वाजवत. इतर लोक त्यांच्याशी बोलताना कानाला लावायच्या नळीत मोठ्याने बोलत. छोटा अलेक्झांडर तसे करत नसे. तो आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, गंभीर आवाजात सावकाश बोले. चारचौघांत बसल्यावर तो बोटांच्या खुणांनी अक्षरे करून आजूबाजूचे बोलणे तिला कळवत असे.

घरात आजी-आजोबांना कमी ऐकू येत असेल, तर ही गोष्ट लक्षात ठेवा. ओरडल्याने आवाज वाढतो, शब्द स्पष्ट होत नाहीत. समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलणे जास्त उपयोगी पडते.

वडिलांनी ‘दृश्य वाणी’ नावाची एक लिपी तयार केली होती. जीभ, ओठ आणि घसा कोणत्या स्थितीत ठेवला की कोणता आवाज निघतो, हे त्यात चिन्हांनी दाखवलेले असे. ज्याने आवाज कधी ऐकलाच नाही त्यालाही चिन्हे पाहून उच्चार करता येईल, अशी त्यामागची कल्पना होती.

याच काळात घरावर क्षयरोगाची कुऱ्हाड कोसळली. १८६७ मध्ये धाकटा भाऊ गेला आणि १८७० मध्ये थोरला. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. अलेक्झांडरची प्रकृतीही नाजूक होती. उरलेला एकुलता मुलगा वाचावा म्हणून आईवडिलांनी देश सोडला आणि १८७० च्या उन्हाळ्यात कुटुंब कॅनडात आले.

बोस्टनची सार्वजनिक शाळा

१८७१ च्या वसंतात, चोवीस वर्षांचे बेल अमेरिकेतील बोस्टन शहरात कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत शिकवायला आले. ही शाळा १८६९ मध्ये शहराच्या शिक्षण समितीने सुरू केली होती. मुख्याध्यापिका होत्या सारा फुलर. त्या काळी कर्णबधिर मुलांना बहुधा दूरच्या निवासी संस्थांत ठेवत. बोस्टनच्या शाळेतली मुले मात्र इतर मुलांसारखी सकाळी शाळेत येत आणि संध्याकाळी घरी जात. बेल यांनी तिथल्या शिक्षिकांना दृश्य वाणी शिकवली. पुढे ही लिपी मागे पडली, पण मुलाच्या तोंडाची हालचाल बारकाईने पाहून उच्चार घडवणे आजच्या वाचा-उपचारातही आहे.

त्यांच्या खासगी विद्यार्थ्यांत जॉर्ज सँडर्स हा जन्मतः कर्णबधिर असलेला पाच वर्षांचा मुलगा होता. त्याच्यासाठी बेल यांनी एक हातमोजा बनवला आणि त्यावर अक्षरे लिहिली. मोज्यावरच्या अक्षरांना बोट लावत गुरू-शिष्य बोलत. खेळता खेळता मुलाला भाषा मिळाली पाहिजे, यावर त्यांचा भर होता.

दुसरी विद्यार्थिनी मेबल हबर्ड. पाच वर्षांची असताना लोहितांग ज्वर (स्कार्लेट फीव्हर) झाला आणि तिचे ऐकणे पूर्ण गेले. तेव्हा तिला बोलता येत होते. आलेली भाषा पुसली जाऊ नये म्हणून आईवडिलांनी तिच्याशी बोलणे थांबवले नाही. ती ओठांच्या हालचाली वाचायला शिकली. ११ जुलै १८७७ रोजी तिचे आणि बेल यांचे लग्न झाले.

मृत माणसाचा कान आणि टेलिफोन

मुलांना स्वतःचा आवाज दिसावा, म्हणजे तो सुधारता येईल, असे बेल यांना वाटत होते. १८७४ मध्ये बोस्टनचे कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी त्यांना एका मृत व्यक्तीच्या कानाचा भाग मिळवून दिला. त्यात पडदा आणि आतली छोटी हाडे शाबूत होती. हाडाला गवताची काडी लावली, समोर काजळी धरलेली काच ठेवली आणि कानात बोलले. काडीने काचेवर आवाजाची नागमोडी रेघ काढली.

कागदाइतका पातळ पडदा त्यामानाने जड हाडे हलवतो, हे पाहून त्यांच्या मनात विचार आला. पडदा हाड हलवू शकतो, तर मोठा पडदा लोखंडाचा तुकडाही हलवू शकेल. तारेतून बोलणे पाठवण्याची कल्पना अशी पक्की होत गेली. ७ मार्च १८७६ रोजी त्यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. जगभर पोहोचलेल्या या यंत्राची एक वाट कर्णबधिर मुलांच्या वर्गातून आलेली आहे.

वर्गातले न दिसणारे बहिरेपण

पैसा आणि कीर्ती मिळाल्यावरही बेल यांचे लक्ष शाळेवरच राहिले. १८७९ च्या सुमारास त्यांनी ऐकण्याची शक्ती मोजणारे एक यंत्र तयार केले. त्यात तारेची दोन वेटोळी होती. एकातून विजेचा प्रवाह सोडला की दुसऱ्याला जोडलेल्या टेलिफोनमध्ये आवाज येई. वेटोळी एकमेकांपासून दूर सरकवली की आवाज मंद होत जाई. आवाज ऐकू येणे थांबते तिथले अंतर म्हणजे त्या कानाचे माप. आजच्या तपासणीतही तत्त्व हेच आहे. सर्वांत मंद कोणता आवाज ऐकू येतो, ते शोधायचे.

हे यंत्र घेऊन त्यांनी वॉशिंग्टनच्या शाळांतील सातशेहून अधिक मुलांचे कान तपासले. १८८५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. ही सगळी साध्या शाळेतली, ऐकू येते असे समजली जाणारी मुले होती. त्यांतल्या दहा टक्क्यांहून जास्त मुलांना कमी ऐकू येत होते.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. ही मुले पूर्ण बहिरी नव्हती. ती हाक मारल्यावर वळत आणि बोलतही. फक्त मागच्या बाकावर बसल्यावर बाईंचे अर्धे शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचत नसत. अशा मुलाला आपण काय म्हणतो? लक्ष नाही. डोके चालत नाही. ऐकूनही न ऐकल्यासारखे करतो. मिरचीच्या सातऱ्यावर दिवसभर काम करून आलेल्या आईला शाळेतून हीच तक्रार ऐकावी लागते आणि ती मुलावर चिडते. प्रत्यक्षात कारण कानात असू शकते. शाळकरी वयात ते बरेचदा मळ, कान फुटणे किंवा पडद्यामागे साचलेले पाणी असते. यावर उपचार आहेत.

बेल यांनी १८८३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये स्वतःची एक छोटी शाळाही काढली होती. एका मजल्यावर ऐकू येणाऱ्या मुलांची बालवाडी, दुसऱ्यावर कर्णबधिर मुलांचा वर्ग, आणि खेळायला सगळी एकत्र. ती दोनच वर्षे चालली. आज ज्याला आपण समावेशक शिक्षण म्हणतो, त्याचा तो एक सुरुवातीचा प्रयत्न होता.

हेलन केलर

१८८६ मध्ये एक वडील आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन बेल यांच्याकडे आले. दीड वर्षाची असताना आजारपणात तिची दृष्टी आणि ऐकणे दोन्ही गेले होते. ती हेलन केलर. बेल यांनी तिला मांडीवर बसवले, आपले घड्याळ खेळायला दिले आणि वडिलांना बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेला पत्र लिहायला सांगितले. तिथून ॲन सुलिव्हन शिक्षिका म्हणून आल्या. तळहातावर बोटांनी अक्षरे काढून त्यांनी हेलनला भाषा दिली. पुढे हेलनने आपले आत्मचरित्र बेल यांना अर्पण केले. योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठवणे हाही उपचार असतो, याचे हे मोठे उदाहरण आहे.

बेल कुठे चुकले

आता त्यांच्या चुकीकडे येऊ. प्रत्येक कर्णबधिर मुलाने तोंडानेच बोलले पाहिजे, अशी बेल यांची ठाम भूमिका होती. त्यांना स्वतःला खुणांची भाषा चांगली येत होती. तरीही शाळेत ती नको, असे ते सांगत राहिले. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे शिक्षकांच्या परिषदेने असाच ठराव केला. बेल तिथे नव्हते, पण अमेरिकेत या विचाराचे सर्वांत वजनदार समर्थक तेच होते. त्यांचे विरोधक एडवर्ड गॅलॉडेट यांची आईही कर्णबधिर होती. दोघेही कमी ऐकणाऱ्या आईच्या मांडीवर वाढले आणि दोघांनी उलट निष्कर्ष काढले. गॅलॉडेट यांचे म्हणणे होते की मुलाला खुणा आणि बोलणे दोन्ही मिळू द्या.

मिलाननंतर अनेक देशांत वर्गातून खुणांची भाषा हद्दपार झाली. ज्यांना बोलणे जमले ती मुले पुढे गेली. ज्यांना जमले नाही, त्यांना ना बोलणे मिळाले ना खुणा. भाषेविना बालपण गेले की विचार करायला, मैत्री करायला, दुखते कुठे ते सांगायलाही अडचण येते. २०१० मध्ये व्हँकूव्हर येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानच्या ठरावांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

दुसरी चूक आणखी गंभीर होती. १८८३ मध्ये त्यांनी असा निबंध मांडला की कर्णबधिरांनी आपसांत लग्ने केली तर बहिऱ्या माणसांची वेगळी जातच तयार होईल. अशी लग्ने होऊ नयेत, असे त्यांना वाटे. या विचाराने कर्णबधिर लोक फार दुखावले, आणि आजही त्यांच्यात बेल यांच्याबद्दल राग आहे. विज्ञानानेही त्यांना साथ दिली नाही. त्यांच्याच व्होल्टा ब्यूरोने १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की कर्णबधिर जोडप्यांची बहुतेक मुले ऐकू येणारी होती. आज आपल्याला माहीत आहे की दहापैकी नऊहून अधिक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. दोष लपून राहणारा असतो. दोघांकडून तो आला तरच बहुधा दिसतो. म्हणून मामे-आते भावंडांत लग्न झाले तर धोका वाढतो.

यात आईचा दोष नसतो. ग्रहणात बाहेर पडल्याने किंवा कुणाची नजर लागल्याने मूल बहिरे होत नाही.

शेवट आणि एक माप

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील आपल्या घरी मधुमेहाने ग्रासलेल्या बेल यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले गेले. काही वर्षांनी टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांनी आवाजाच्या मापाला त्यांचे नाव दिले. बेल हे माप मोठे पडते, म्हणून त्याचा दहावा भाग, म्हणजे डेसिबल, वापरात आला.

तुमच्या मुलासाठी

• नवजात बाळाची ऐकण्याची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत. ही चाचणी दुखत नाही. बाळ झोपेत असतानाही होते.

• दाराच्या मोठ्या आवाजाने बाळ दचकत नाही, वर्षाचे झाले तरी ‘आई’, ‘बाबा’ म्हणत नाही, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नाही, तर थांबू नका. घरात सगळेच उशिरा बोलतात, असे म्हणून वेळ घालवू नका.

• टीव्हीचा आवाज वाढवणे, पुन्हा पुन्हा ‘काय?’ विचारणे, श्रुतलेखनात शब्द गाळणे, कान वाहणे ही शाळकरी मुलांतली लक्षणे आहेत. कानात तेल घालू नका, काडी घालू नका.

• राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा आणि शंका असेल तर शिक्षकांना आधीच सांगा.

• ऑडिओग्राम जपून ठेवा. दोन्ही कानांत ६० डीबी किंवा जास्त दोष असेल तर कायद्याने दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते.

• श्रवणयंत्र दिले असेल तर ते जागेपणी पूर्ण वेळ वापरू द्या. वर्गात मुलाला पुढे, खिडकीच्या आवाजापासून दूर बसवायला सांगा. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये.

• बोलणे शिकवत असताना हातवारे आणि खुणा बंद करू नका. खुणांमुळे मूल आळशी होते, हा गैरसमज आहे. त्याला आज समजेल अशी भाषा आजच मिळाली पाहिजे.

बेल आईशी बोलायला बोटांची अक्षरेही वापरत आणि आवाजही. मोठेपणी इतरांच्या मुलांना मात्र त्यांनी एकच वाट दाखवली. तुम्ही लहान अलेक्झांडरकडून शिका.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. मुलाच्या तपासणीसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि श्रवणतज्ज्ञ यांनाच भेटा.)