कॅप्टन स्लीमन आणि लाव्हाखालची हाडे

विल्यम स्लीमन म्हटले की ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी आठवतो. ठगांच्या त्या कथेत सरकारी तिखटमीठ किती, यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही. मला मात्र त्याची दुसरीच एक कामगिरी मोलाची वाटते.

स्लीमनचा जन्म १७८८ चा, कॉर्नवॉलमधला. १८०९ मध्ये तो बंगाल आर्मीत दाखल झाला, नेपाळच्या युद्धात लढला आणि पुढे मुलकी कामावर जबलपूरकडे आला. नागपूरकर भोसल्यांचा हा मुलूख इंग्रजांकडे नुकताच गेला होता. १८२८ मध्ये तिथल्या बडा शिमला टेकडीवर त्याला शेपटीचे दोन मणके मिळाले, दगड झालेले. कॅडेट मित्रांनो, ‘डायनोसॉर’ हा शब्द १८४२ चा. म्हणजे सापडले काय, हे सांगणारे तेव्हा कोणी नव्हते. मणके डॉक्टर स्पिल्सबरीमार्फत कलकत्त्याला पोचले. १८७७ मध्ये लायडेकरने त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. ते ऐकायला स्लीमन नव्हता. लखनौचा रेसिडेंट असूनही अवध खालसा करायला त्याचा विरोध होता. १८५६ मध्ये मायदेशी जाताना तो जहाजावरच वारला. अवध त्याच महिन्यात खालसा झाले.

त्या टेकडीत हाडांचा थर खाली आहे आणि वर काळा पाषाण. भिलाईहून जबलपूरला जाताना मंडल्याच्या बाजूला मला तोच पाषाण दिसतो; सह्याद्रीतले आपले किल्लेही त्याच्यावरच उभे. हा थिजलेला लाव्हा. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले ते मेक्सिकोत आदळलेल्या अशनीमुळे, असे पाठ्यपुस्तक सांगते. ड्यूई मॅक्लीन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दोष दख्खनच्या लाव्हाला दिला: त्याबरोबर निघालेल्या कार्बन डाय-ऑक्साइडने हवामान बिघडले. बहुतेकांनी ते मानले नाही. शंकर चॅटर्जी तर मुंबईजवळ समुद्रतळाशी दुसरे विवर असल्याचे सांगतात. तेही फार थोड्यांना पटले.

हाडांवर लाव्हा आहे म्हणून लाव्हाच मारेकरी, असे म्हणण्याचा मोह मलाही होतो. पण कच्छमध्ये अंजारजवळ दोन लाव्हांच्या मधल्या थरातही डायनोसॉरचे अवशेष मिळाले आहेत. पहिले उद्रेक त्यांनी पचवले होते तर!

स्लीमनचे मणके मधल्या काळात हरवले. २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांना कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात त्यांतला एक पुन्हा सापडला.