शांततेसाठी दिलेला शब्द

काशीजवळच्या मोगलसराय या गावी २ ऑक्टोबर १९०४ रोजी लालबहादूर शास्त्री यांचा जन्म झाला. ते अगदी लहान असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. गरिबीत वाढलेल्या या मुलाने महात्मा गांधींच्या हाकेला ओ देऊन १९२१ साली शाळा सोडली व स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली. पुढे काशी विद्यापीठाची ‘शास्त्री’ ही पदवी त्यांनी मिळविली आणि तीच त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. १९५६ साली अरियलूर येथे रेल्वेचा भीषण अपघात झाला, तेव्हा त्याची नैतिक जबाबदारी स्वीकारून त्यांनी रेल्वेमंत्रिपदाचा त्याग केला.

१९६४ साली शास्त्रीजी भारताचे पंतप्रधान झाले. पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध जुंपले. देहाने ठेंगणे व वृत्तीने सौम्य असे शास्त्रीजी त्या प्रसंगी वज्राहून कठोर ठरले. आपल्या जवानांनी प्राण पणाला लावून काश्मीरमधील हाजीपीर खिंड सर केली, तसेच लाहोरच्या रोखाने इच्छोगिल कालव्यापर्यंत धडक मारली. उलट पंजाबातील खेमकरण गाव व जम्मूतील छांबचा प्रदेश पाकिस्तानी सैन्याच्या हाती पडला. २३ सप्टेंबर १९६५ रोजी तोफा थंडावल्या. पण सीमेवरची गावे लष्कराच्याच ताब्यात राहिली. तेथील शेतकरी घरादारास व शेतीभातीस पारखे झाले.

जानेवारी १९६६ मध्ये सोव्हिएट पंतप्रधान कोसिजिन यांच्या निमंत्रणावरून शास्त्रीजी ताश्कंदला गेले. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणही त्यांच्यासमवेत होते. तेथे पाकिस्तानचे अध्यक्ष अयूबखान यांच्याशी बोलणी सुरू झाली. निर्णय मोठा अवघड होता. जवानांच्या रक्ताने मिळविलेली हाजीपीर खिंड सोडावी, तर स्वदेशात टीकेचे मोहोळ उठणार. न सोडावी, तर खेमकरण व छांब परत कसे मिळणार? शिवाय युद्धाचा वणवा पुन्हा भडकण्याचे भय होतेच. अखेर १० जानेवारीस त्यांनी करारावर सही केली. दोन्ही सैन्यांनी २५ फेब्रुवारीपर्यंत ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या ठिकाणी माघारी जावे, असे ठरले.

त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, हृदयविकाराच्या झटक्याने शास्त्रीजींचे ताश्कंद येथे निधन झाले. कालपर्यंत समोर बसून वाद घालणाऱ्या अयूबखानांनी कोसिजिन यांच्यासह त्यांच्या शवपेटिकेस खांदा दिला.

शास्त्रीजी गेले, परंतु त्यांनी दिलेला शब्द भारताने पाळला. ठरल्याप्रमाणे दोन्हीकडील सैन्ये मागे हटली. खेमकरण पुन्हा भारताच्या मुलकी कारभाराखाली आले आणि परागंदा झालेले लोक आपल्या गावी परतू लागले. हाजीपीर सोडल्याचे शल्य अनेकांच्या मनात पुढेही राहिले. तथापि लोकांच्या रोषाची भीती न बाळगता देशहिताचा निर्णय घेण्यासही रणांगणाइतकेच धैर्य लागते, हे शास्त्रीजींच्या चरित्रावरून दिसून येते.