अभ्यासक्रमाआधीचा विद्यार्थी

लँडस्केप आर्किटेक्चर, म्हणजेच भूदृश्यरचना, हा विषय आज जगातील अनेक विद्यापीठांत पदव्युत्तर पातळीवर शिकविला जातो. पहिली पदवी घेतलेला विद्यार्थी आणखी काही वर्षे जमिनीचे उतार, माती, पाण्याचे वाट काढणे, झाडोरा आणि माणसांचा वावर यांचा अभ्यास करतो आणि या विषयाचा तज्ज्ञ म्हणून बाहेर पडतो. अमेरिकेतील अशा शिक्षणाची सुरुवात १९०० साली हार्वर्ड विद्यापीठात झाली. ज्यांच्या स्मृतीशी ही सुरुवात जोडलेली आहे, त्या चार्ल्स एलियट यांना स्वतःला मात्र असा कोणताही अभ्यासक्रम लाभला नव्हता. पदवीनंतर काय शिकायचे, कोठे आणि कोणाकडून, हे सारे त्यांना आपले आपणच ठरवावे लागले. ३७ वर्षांच्या अल्प आयुष्यात त्यांनी बॉस्टन शहराभोवतीची वने, नदीकाठ आणि समुद्रकिनारे लोकांसाठी राखून ठेवले, आणि मागे सोडला तो एका नव्या विद्याशाखेचा आराखडा.

चार्ल्स यांचा जन्म १ नोव्हेंबर १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे झाला. वडील चार्ल्स विल्यम एलियट हे त्या वेळी हार्वर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकवीत असत. १८६९ हे वर्ष या घराला एकाच वेळी मोठे दुःख आणि मोठा मान देऊन गेले. चार्ल्स नऊ वर्षांचे असताना आई एलेन यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी वडील हार्वर्डचे अध्यक्ष झाले. पुढे तब्बल चाळीस वर्षे ते या पदावर राहिले. अमेरिकेतील उच्च शिक्षणाची घडी बदलणारा शिक्षणतज्ज्ञ म्हणून त्यांची कीर्ती देशभर पसरली. घरातला मुलगा मात्र अबोल, संकोची आणि मनाने हळवा होता. वर्गात चमकण्यापेक्षा केंब्रिजच्या आसपासची टेकाडे, ओढे आणि दलदली पायी तुडविण्यात त्याचे मन रमे. फिरून आल्यावर त्या परिसराचे नकाशे काढण्याचा त्याला छंद होता.

उन्हाळ्यात हे कुटुंब शिडाच्या बोटीने मेन राज्याच्या किनाऱ्यावर जाई. तेथील माउंट डेझर्ट बेटाचे कडे, खाड्या आणि पाइनची राने चार्ल्स यांच्या मनावर कायमची कोरली गेली. १८८० साली त्यांनी महाविद्यालयीन मित्रांना घेऊन याच बेटावर तळ ठोकला. तेथील खडक, वनस्पती आणि पक्षी यांच्या नोंदी घेणारी एक विद्यार्थी संस्थाच त्यांनी उभी केली. पाहणे, मोजणे आणि टिपून ठेवणे ही सवय तेथे पक्की झाली.

१८८२ मध्ये हार्वर्डची पदवी हाती आली, तेव्हा पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. वकिली, वैद्यक वा धर्मोपदेश या रूढ वाटांपैकी एकही त्यांना खुणावीत नव्हती. त्यांचे मामा रॉबर्ट पीबॉडी हे नामवंत वास्तुरचनाकार होते आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे एक शिल्पकार फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड हे त्यांच्या परिचयाचे होते. उद्याने आणि मोकळ्या जागा घडविण्याचा ऑल्मस्टेड यांचा व्यवसाय आपल्याला मानवेल, असे चार्ल्स यांना वाटू लागले. अडचण एकच होती. हा व्यवसाय शिकविणारे विद्यापीठ देशात नव्हते. ऑल्मस्टेड यांच्याकडेही या विषयाची कोणतीही पदवी नव्हती.

चार्ल्स यांनी मग आपल्यापुरता अभ्यासक्रम तयार केला. त्याचा पहिला टप्पा म्हणजे हार्वर्डचीच कृषी आणि बागायतीची शाखा असलेली बसी इन्स्टिट्यूशन. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र, बागायत, कृषिरसायन आणि जमिनीची मोजणी हे विषय घेतले. दुसरा टप्पा उमेदवारीचा होता. १८८३ च्या वसंतात ते ऑल्मस्टेड यांच्या कार्यालयात बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाले. नकाशे गिरविणे, कामाच्या जागी गुरूबरोबर जाणे, त्यांचे बोलणे रोजनिशीत उतरवून घेणे असा दोन वर्षांचा त्यांचा क्रम होता. बॉस्टनच्या उद्यानमालेची कामे तेव्हा जोरात होती, त्यामुळे कागदावरची रेघ जमिनीवर कशी उतरते, हे त्यांना जवळून पाहता आले.

तिसरा टप्पा प्रवासाचा. १८८५ च्या अखेरीस ते युरोपला निघाले आणि सुमारे वर्षभर तेथे हिंडले. लंडनच्या ग्रंथालयांत बसून त्यांनी या विषयावरील जुने ग्रंथ वाचले आणि इंग्लंड, फ्रान्स व जर्मनीतील उद्याने पायी फिरून पाहिली. जर्मनीतील मुस्काऊ येथे प्रिन्स प्यूकलर याने एका संपूर्ण नदीखोऱ्याला दिलेले रूप त्यांना विशेष भावले. बाग म्हणजे कुंपणाच्या आतला सजविलेला तुकडा नव्हे. गाव, शेत, नदी आणि रान मिळून जे एक दृश्य बनते, त्याचा एकत्र विचार करता येतो, हे त्यांना तेथे प्रत्यक्ष दिसले. ग्रंथ, विज्ञान, कार्यशाळा आणि प्रवास या चार खांबांवर उभे असलेले हे शिक्षण पुढे विद्यापीठांनी जे स्वीकारले, त्याच्याशी विलक्षण मिळतेजुळते आहे.

१८८६ च्या अखेरीस चार्ल्स यांनी बॉस्टनमध्ये स्वतःचे कार्यालय थाटले. दोन वर्षांनी मेरी पिटकिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांना चार मुली झाल्या. कामे मिळत होती, तरी मन एका वेगळ्याच काळजीने ग्रासले होते. बॉस्टन झपाट्याने पसरत होते. लहानपणी ज्या रानांतून ते फिरले, त्यांचे भूखंड पडत होते. समुद्रकिनारे खासगी मालकीचे होत होते. १८९० च्या मार्चमध्ये ‘गार्डन अँड फॉरेस्ट’ या साप्ताहिकात त्यांनी वेव्हर्ली येथील प्राचीन ओक वृक्षांविषयी एक पत्र लिहिले. संग्रहालय जशी चित्रे आणि ग्रंथालय जसे ग्रंथ लोकांच्या वतीने सांभाळते, तशी निसर्गसुंदर जमिनीचे तुकडे सांभाळणारी एखादी संस्था का असू नये, हा त्यांचा प्रश्न होता.

पत्र लिहून ते थांबले नाहीत. संकोची स्वभावाच्या या माणसाने सभा भरविल्या, शेकडो पत्रे पाठविली आणि विधिमंडळापुढे बाजू मांडली. १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने ‘ट्रस्टीज ऑफ पब्लिक रिझर्व्हेशन्स’ या विश्वस्त संस्थेला मान्यता दिली. जमीन देणगीने वा खरेदीने घ्यायची, करमुक्त ठेवायची आणि सर्वांना खुली करायची, अशी ही व्यवस्था होती. अशा प्रकारची ही जगातील पहिली संस्था मानली जाते. इंग्लंडमध्ये १८९५ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टने हाच नमुना डोळ्यांपुढे ठेवला.

देणगीवर चालणारी संस्था एका वाढत्या महानगराला पुरी पडणार नाही, हेही चार्ल्स यांनी लवकरच ओळखले. बॉस्टनभोवती तीसहून अधिक शहरे आणि गावे होती. नद्या बहुधा त्यांच्या सीमेवरून वाहत. काठ दोघांचा, म्हणून जबाबदारी कोणाचीच नाही, अशी स्थिती होती. पत्रकार सिल्व्हेस्टर बॅक्स्टर यांच्या साथीने त्यांनी सर्वांसाठी एकच उद्यान आयोग असावा, अशी मागणी लावून धरली. १८९३ च्या अहवालात त्यांनी कोणत्या जागा राखाव्यात याची स्पष्ट वर्गवारी दिली. खुला समुद्रकिनारा, उपसागराचे काठ व बेटे, भरतीच्या नद्यांचे काठ, शहराच्या कडेवरची दोन-तीन मोठी वने आणि दाट वस्तीत पसरलेली लहान मैदाने अशी ती होती. त्याच वर्षी कायमचा आयोग स्थापन झाला. ऑल्मस्टेड यांनी आपल्या जुन्या उमेदवाराला भागीदार करून घेतले आणि आयोगाचे काम या भागीदारीकडे आले.

पुढची चार वर्षे झपाटलेली होती. ब्लू हिल्स आणि मिडलसेक्स फेल्स ही विस्तीर्ण वने संपादित झाली. वेव्हर्लीचे ओक असलेली बीव्हर ब्रुकची जागा राखली गेली. रिव्हिअरच्या पुळणीवरून धावणारा लोहमार्ग मागे हटविण्यात आला, झोपड्या आणि दुकाने हलविण्यात आली, आणि १८९६ च्या जुलैमध्ये हा किनारा सर्वांसाठी खुला झाला. सार्वजनिक मालकीची अमेरिकेतील ही पहिली पुळण होय. गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या कुटुंबांना भाडे न देता समुद्राकाठी बसता येणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

जमीन ताब्यात आली, तरी तिचे काय करायचे, यावर मतभेद होते. कोणी म्हणत, लगेच रस्ते काढावेत. कोणी म्हणत, झाडाच्या पानालाही हात लावू नये. चार्ल्स यांनी आधी पाहणी करविली. भूरचना, उंचसखलपणा आणि वनस्पती यांचे नकाशे पारदर्शक कागदावर उतरवून ते एकावर एक ठेवून पाहण्याची पद्धत त्यांच्या कार्यालयाने वापरली. ज्याला लोक आदिम वन समजत होते, ते प्रत्यक्षात पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोडीतून, वणव्यांतून आणि चराईतून घडलेले आहे, हे पाहणीत स्पष्ट झाले. माणसाच्या हाताने बिघडलेले रान माणसानेच जाणतेपणाने सावरले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. थरांवर थर ठेवून जमीन वाचण्याची ही रीत विसाव्या शतकात या विषयाच्या शिक्षणाचा कणा बनली आणि पुढे संगणकावरील नकाशांतही उतरली.

१८९५ पर्यंत ऑल्मस्टेड यांची स्मृती क्षीण झाली होती आणि ते कामातून निवृत्त झाले. कार्यालयाचा बराच भार चार्ल्स यांच्यावर पडला. वनस्पतींविषयीचा त्यांचा अहवाल पूर्ण झाला होता, पण छापील रूपात तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. मार्च १८९७ मध्ये मेंदूज्वराने त्यांना गाठले आणि २५ मार्चला, अल्पशा आजारानंतर, त्यांचे निधन झाले.

मुलाच्या मृत्यूनंतर हार्वर्डच्या अध्यक्षांनी त्याचे कागद वाचायला घेतले. पत्रे, रोजनिशा, प्रवासवर्णने आणि अहवाल वाचताना आपल्या घरात वाढलेल्या या अबोल माणसाची खरी उंची त्यांना कळली. देशातील हजारो तरुणांच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या पित्याला स्वतःच्या मुलाचे काम असे त्याच्या पश्चात उमगले. या कागदांतून त्यांनी सातशेहून अधिक पृष्ठांचे चरित्र सिद्ध केले. ते १९०२ साली प्रसिद्ध झाले.

त्याआधीच, १९०० साली, हार्वर्डमध्ये भूदृश्यरचनेचे शिक्षण सुरू झाले होते. चार्ल्स यांचे सहकारी, धाकटे ऑल्मस्टेड, हे त्याचे प्रमुख झाले आणि पुढे या विषयाच्या प्राध्यापकपदाला चार्ल्स एलियट यांचेच नाव देण्यात आले. आरंभी हे शिक्षण पहिल्या पदवीचे होते. १९०६ मध्ये विद्यापीठाने उपयोजित विज्ञानाची पदव्युत्तर शाळा उभारली, आणि त्यानंतर हा विषय पदव्युत्तर पातळीवर स्थिरावला. आधी व्यापक शिक्षण, मग या विद्येचा स्वतंत्र अभ्यास, हा क्रम चार्ल्स यांनी स्वतः चालून दाखविलेलाच होता. १९०९ पासून याच विभागातून नगररचनेचे शिक्षणही सुरू झाले.

या दरवाजातून सर्वांना प्रवेश नव्हता, हेही नोंदविले पाहिजे. अमेरिकेतील भूदृश्यरचनाकारांची संस्था १८९९ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिच्या अकरा संस्थापकांत बिअॅट्रिक्स जोन्स ही एक स्त्री होती. तरी हार्वर्डच्या या अभ्यासक्रमात स्त्रियांना प्रवेश मिळण्यास १९४२ साल उजाडावे लागले. तोवर त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा निघाल्या, आणि त्यांतूनही उत्तम रचनाकार घडले.

चार्ल्स यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी जन्मलेला त्यांचा पुतण्या, दुसरा चार्ल्स एलियट, याच अभ्यासक्रमातून शिकून बाहेर पडला आणि कालांतराने तेथेच प्राध्यापक झाला. वृद्ध पित्याने मुलाच्या विचाराचा धागा मेनच्या किनाऱ्यावर नेला. मॅसॅच्युसेट्समधील संस्थेच्या धर्तीवर १९०१ साली तेथे विश्वस्त मंडळ स्थापन झाले, माउंट डेझर्ट बेटावरील जमिनी त्याने एकेक करून मिळविल्या आणि १९१९ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. आज ते अकेडिया या नावाने ओळखले जाते. मुलाने ज्या बेटावर तारुण्यात तळ ठोकला होता, त्याच बेटावर १९२६ च्या ऑगस्टमध्ये चार्ल्स विल्यम एलियट यांनी अखेरचा श्वास घेतला.